इव्होन द गॉल: एका लेकीभोवती उभं राहिलेलं घर

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींचा विषय निघाला की आपल्याकडे कार्ला ब्रुनी आणि ब्रिजित माक्रों ही दोन नावं लगेच येतात. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या पत्नी इव्होन द गॉल सहसा कुणाला आठवत नाहीत, आणि त्यांनाही तेच आवडलं असतं. जानेवारी १९५९ ते एप्रिल १९६९ अशी दहा वर्षं त्या पॅरिसच्या एलिझे प्रासादात राहिल्या. त्या काळात त्यांनी एकही मुलाखत दिली नाही. मोठ्या दुकानांत जाऊन त्या स्वतः खरेदी करत आणि बहुतेकदा त्यांना कुणी ओळखत नसे. लोकांनी त्यांना ‘इव्होनमावशी’ असं नाव ठेवलं होतं. त्यात थोडी माया होती आणि बरीचशी टिंगल होती. जुन्या वळणाच्या, कायम विणकाम हातात घेऊन बसणाऱ्या, घटस्फोट घेतलेल्यांकडे नापसंतीने पाहणाऱ्या, खर्चाला आवर घालणाऱ्या बाई, असं त्यांचं चित्र वर्तमानपत्रांनी रंगवलं.

हे चित्र खोटं नाही, पण अर्धवट आहे. घर कुठे घ्यायचं, पैसा कशासाठी राखायचा, छायाचित्रकारांना कुठे थांबवायचं, मेल्यावर कुठे पुरायचं, हे त्या नवरा-बायकोचे मोठे निर्णय शेजारी शेजारी ठेवले की त्या सगळ्यांच्या मध्यभागी एक मुलगी दिसते. तिचं नाव ॲन. ती १ जानेवारी १९२८ रोजी जन्मली आणि तिला डाउन सिंड्रोम होता. इव्होन यांना समजून घ्यायचं तर एलिझेपासून सुरुवात करून चालत नाही, ॲनच्या पाळण्यापासून करावी लागते. आणि त्याच्याही आधी थोडं त्यांच्या माहेरापासून, कारण पुढे जे घडलं त्याची तयारी तिथे झाली होती.

बिस्किटवाल्यांची लेक

इव्होन वांद्रू हिचा जन्म २२ मे १९०० रोजी कॅले इथे झाला. कॅले हे इंग्लिश खाडीवरचं बंदर. हवा स्वच्छ असली की पलीकडचे डोव्हरचे पांढरे कडे दिसतात. वांद्रू घराण्याचे पूर्वज हॉलंडमधून येऊन इथे स्थायिक झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात राहिले. वडील जाक वांद्रू हे बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. आई मार्गरीत फोरे यांचं माहेर आर्देनकडचं. फान्यों गावाजवळ सेप्त-फोंतेन नावाचा जुना मठ त्यांच्या घराण्याकडे होता. तिथे मुलांच्या सुट्ट्या जात. आईने पहिल्या महायुद्धात कॅलेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलं होतं. भाऊ जाक पुढे खासदार आणि कॅलेचा महापौर झाला. बहिणीच्या संसाराच्या बऱ्याच हकिकती त्याच्या आठवणींमुळेच आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत.

घरात पैसा होता, पण तो दाखवायचा नाही अशी शिस्त होती. उत्तर फ्रान्समधल्या सुखवस्तू कॅथलिक घरांची ती रीतच होती. मुलं आईवडिलांना अहो-जाहो करत. रविवारची प्रार्थना चुकत नसे. शिवणटिपण, घराचा हिशेब, आजाऱ्याची शुश्रूषा हे मुलीच्या जातीला यायलाच हवं असं धरलं जाई. यातलं बरंच आपल्याला आज जाचक वाटेल. पण याच घरातून इव्होनने दोन गोष्टी घेतल्या, ज्या पुढे पन्नास वर्षं पुरल्या. स्वतःबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, आणि अंगावर आलेलं काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही.

१९२० च्या शरद ऋतूत दोन्ही घरांच्या ओळखीतल्या लोकांनी तिची गाठ कॅप्टन शार्ल द गॉल यांच्याशी घालून दिली. हा सरळसरळ बघण्याचा कार्यक्रम होता, फक्त पोह्यांच्या जागी पॅरिसच्या ‘शरद प्रदर्शना’तली चित्रं होती. व्हॅन डाँगन या चित्रकाराचं एक गाजलेलं चित्र पाहायचं निमित्त झालं. नंतर चहा घेताना कॅप्टनसाहेबांच्या हातून कप कलंडला, अशी गोष्ट दोन्ही घरांत सांगितली जाते. तो सहा फुटांवर उंच, महायुद्धात अडीच वर्षांहून जास्त जर्मनांच्या कैदेत काढलेला. ती ठेंगणी आणि अबोल. सैनिकाशी लग्न नको, सारखी बिऱ्हाडं हलवावी लागतात, असं ती आधी म्हणत असे. मग सें-सीर सैनिकी शाळेच्या एका नृत्यसमारंभात दोघं पुन्हा भेटली. घरच्यांनी विचारल्यावर तिचं उत्तर होतं, ‘हाच, नाहीतर कुणीच नाही.’ ६ एप्रिल १९२१ ला नगरपालिकेत आणि ७ तारखेला कॅलेच्या नोत्र-दाम चर्चमध्ये लग्न लागलं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला फिलीप झाला. १९२४ मध्ये एलिझाबेत झाली.

ट्रियर, १९२८

१९२७ च्या शेवटी द गॉल जर्मनीतल्या ट्रियर इथे १९ व्या शासर, म्हणजे हलक्या पायदळाच्या, बटालियनचे प्रमुख म्हणून रुजू झाले. ऱ्हाइनकाठचा तो मुलूख तेव्हा फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होता. तिथे नववर्षाच्या दिवशी ॲन जन्मली. आईवडिलांना हळूहळू कळत गेलं की हे मूल वेगळं आहे.

त्या काळात हे कळण्याचा अर्थ काय होता हे समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही. डाउन सिंड्रोमचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की लोक दोष शोधतात. बापाची दारू, घराण्यातला गुप्तरोग, आईच्या रक्तातलं वैगुण्य अशी कारणं डॉक्टरसुद्धा सांगत. अशा मुलाचा जन्म म्हणजे दोन्ही कुळांच्या इभ्रतीवर डाग. मोठ्या मुलीचं लग्न अडेल, बापाची बढती अडेल, लोक कुजबुजतील. म्हणून ऐपतदार घरं असं मूल गुपचूप एखाद्या आश्रमात ठेवत आणि त्याचं नाव घेणं सोडून देत. गरिबांची मुलं मनोरुग्णालयाच्या कोपऱ्यात जात. त्यात ही मुलं छातीच्या विकारांनी लहानपणीच दगावत, त्यामुळे ‘फार दिवसांचा प्रश्न नाही’ असं नातेवाईक दिलासा म्हणून सांगत.

वांद्रू आणि द गॉल, दोन्ही घराणी ऐपतीची, धर्मनिष्ठ आणि इभ्रतीला जपणारी होती. वाट मळलेली होती. इव्होन आणि शार्ल यांनी ती घेतली नाही. ॲन घरीच राहील, भावंडांमध्ये वाढेल आणि आपण जाऊ तिथे येईल, असं त्यांनी ठरवलं. इव्होन यांनी एका मैत्रिणीला पत्रात लिहिलं होतं की महत्त्वाकांक्षा, पैसाअडका, सगळं आम्ही दोघं आनंदाने देऊन टाकू, फक्त आमच्या लहानग्या ॲनची प्रकृती सुधारली पाहिजे. इतकं उघड दुःख त्यांनी पुन्हा क्वचितच कागदावर उतरवलं.

निर्णय घेणं एक, आणि तो रोज निभावणं दुसरं. ॲनला स्वतःच्या हाताने नीट जेवता येत नसे, आधाराशिवाय चालणं अवघड जाई, बोलणं जवळजवळ नव्हतंच. ‘पापा’ एवढा एक शब्द तिला स्पष्ट म्हणता येई असं घरच्यांनी सांगितलं आहे. तिच्यासाठी एक सांभाळणारी बाई ठेवली होती आणि ती वर्षानुवर्षं कुटुंबाबरोबर राहिली. १९२९ मध्ये द गॉल यांची बदली बैरुतला झाली तेव्हा पावणेदोन वर्षांची ॲनही समुद्रमार्गे तिकडे गेली आणि दोन वर्षं तिथे राहिली. मग पॅरिस, मग मेत्स. एका लष्करी पगारात हे चालवायचं होतं. इव्होन यांच्या ज्या काटकसरीची पुढे चेष्टा झाली, ती इथे सुरू झाली. पैसा वाचवायचा तो ॲनसाठी. आपल्या मागे तिच्यासाठी काही शिल्लक राहिलं पाहिजे, हा हिशेब इव्होन यांच्या डोक्यातून कधी गेला नाही.

द गॉल यांच्याबद्दलही इथे दोन ओळी हव्यात. हा माणूस ताठ, दूरस्थ, आपल्याच मुलांना मिठी मारायला संकोचणारा होता. पण ॲनजवळ तो गाणी म्हणे, टाळ्या वाजवून नाचे, तिला आपल्या लष्करी टोपीशी खेळू देई. १९३३ मधलं बेनोदे इथल्या समुद्रकिनाऱ्यावरचं एक छायाचित्र आहे. सूट-हॅट घातलेले द गॉल कॅनव्हासच्या खुर्चीत बसले आहेत, मांडीवर पाच वर्षांची ॲन आहे आणि ते तिच्याशी काहीतरी बोलत आहेत. त्यांची हजारो छायाचित्रं निघाली, त्यांत इतका निवांत चेहरा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी हे प्रकरण इव्होन यांचं म्हणून लिहितो आहे, त्याला कारण आहे. बाप संध्याकाळी तासभर खेळवत असे. उरलेले तेवीस तास आईचे होते. द गॉल यांच्या चरित्रांत तो तासभर हळुवारपणे वर्णन केलेला असतो आणि तेवीस तासांना एखादं वाक्य मिळतं.

कोलोंबेचं घर

१९३४ मध्ये त्यांनी पॅरिसच्या पूर्वेला, ओत-मार्न भागातल्या कोलोंबे-ले-दझ-एग्लीज या खेड्यात एक घर घेतलं. हाताशी पुरेसे पैसे नव्हते. म्हणून फ्रान्समध्ये चालणाऱ्या एका पद्धतीने व्यवहार केला. सुरुवातीला थोडी रक्कम द्यायची आणि मग मूळ मालकीण जिवंत असेपर्यंत तिला दरवर्षी ठरावीक पैसे देत राहायचे. घराला तेव्हा ना नळाचं पाणी होतं ना नीट उबेची सोय. आज ते ‘ला ब्वासरी’ या नावाने संग्रहालय आहे आणि लोक तिथे फ्रान्सच्या इतिहासातलं एक पवित्र स्थान म्हणून जातात.

राष्ट्रपुरुषाने चिंतनासाठी निवडलेलं एकांतस्थळ, असं त्या घराचं वर्णन वाचायला मिळतं. घर घेताना द गॉल यांना राष्ट्रपुरुष म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते पॅरिस आणि पूर्वेकडच्या छावण्या यांच्या मधोमध पडणारं, स्वस्तातलं, झाडांनी वेढलेलं घर होतं. ॲनला मोकळी हवा मिळेल, बागेत फिरता येईल आणि शेजारपाजारचे लोक टक लावून बघणार नाहीत, ही मुख्य गरज होती. त्या काळी पॅरिसच्या फ्लॅटमधून अशा मुलीला रस्त्यावर न्यायचं म्हणजे रोज किती नजरा सोसाव्या लागत असतील, हे अशा मुलाच्या आईला सांगावं लागणार नाही.

मग हेही लपवणंच नव्हतं का, असा प्रश्न कुणी विचारेल. तो रास्त आहे. ॲनची छायाचित्रं फार थोडी आहेत आणि वार्ताहर घरी आले की तिला त्यांच्यापासून दूर ठेवलं जाई. मला यात फरक दिसतो तो असा. ॲनला घरातल्यांपासून, नातेवाइकांपासून, गावातल्या चर्चपासून कधी तोडलं नाही. जेवणाच्या टेबलावर तिची जागा होती. जे दार बंद होतं ते कुतूहल म्हणून बघायला येणाऱ्यांसाठी.

जून १९४०

या निर्णयाची सगळ्यात कठीण कसोटी युद्धात लागली. जून १९४० च्या सुरुवातीला द गॉल सरकारात उपमंत्री झाले आणि जर्मन फौजा पॅरिसकडे सरकत होत्या. इव्होन तिन्ही मुलं आणि ॲनची सांभाळणारी बाई यांना घेऊन कोलोंबेहून निघाल्या आणि ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या कारांतेक गावी पोहोचल्या. १५ जूनला द गॉल लंडनला जाताना काही मिनिटं तिथे येऊन गेले. १७ तारखेला ते पुन्हा लंडनला निघून गेले, तेव्हा बायकोला कळवायची सोय नव्हती.

इंग्लंडहून त्यांना आणण्यासाठी एक छोटं उभयचर विमान पाठवण्यात आलं. ते ब्रिटनीत कोसळलं आणि त्यातले सगळे ठार झाले. इव्होन यांना याचा पत्ता नव्हता. नवरा नेमका कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी वाट बघत बसण्याऐवजी मोटार मिळवली, ब्रेस्त बंदर गाठलं आणि इंग्लंडला जाणाऱ्या शेवटच्या बोटींपैकी एकीवर चढल्या. १८ जूनच्या संध्याकाळी द गॉल बीबीसीवरून लढा चालू ठेवण्याचं ते प्रसिद्ध आवाहन करत होते, त्या वेळी त्यांचं कुटुंब त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात नव्हतं. फालमथला उतरल्यावर १९ तारखेला फिलीपने एका इंग्रजी वर्तमानपत्रात बापाच्या भाषणाची बातमी वाचली आणि आईला सांगितली.

बारा वर्षांची, नीट चालू न शकणारी, अनोळखी गोंगाटाने भेदरणारी मुलगी बरोबर आहे, आणि रस्ते निर्वासितांनी भरले आहेत. बोट कुठे नेईल याची खात्री नाही. ॲनला नातलगांकडे किंवा एखाद्या ननच्या आश्रमात ठेवून जाणं त्या घटकेला अगदी शहाणपणाचं वाटलं असतं आणि कुणी नावही ठेवलं नसतं. ती राहिली असती तर? जर्मनीत याच सुमाराला अपंगांना आणि मनोरुग्णांना मारण्याची सरकारी मोहीम सुरू होती. ऑगस्ट १९४१ पर्यंत तिने ७० हजारांहून जास्त बळी घेतले. फ्रान्समध्ये अशी मोहीम नव्हती, पण युद्धकाळात तिथल्या मनोरुग्णालयांत ४० हजारांहून जास्त माणसं उपासमार आणि थंडीने मेली. त्यातच ॲनच्या बापाला ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने देहान्ताची शिक्षा फर्मावली होती. त्यांच्या मुलीला कुणी सहानुभूतीने वागवलं असतं असं मानायला फारसा आधार नाही.

इंग्लंडमध्येही धावपळ संपली नाही. लंडनलगतच्या पेट्स वूडमध्ये त्यांनी पहिलं बिऱ्हाड केलं, पण बॉम्बहल्ल्यांच्या आवाजाने ॲनची अवस्था वाईट होई. म्हणून सगळे दूर श्रॉपशर भागात गेले, मग बर्कमस्टेडला, मग लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये. १९४३ मध्ये अल्जियर्स. प्रत्येक ठिकाणी इव्होन स्वयंपाकघर, कपडे, औषधं आणि ॲनचा दिनक्रम पुन्हा पहिल्यापासून लावत. स्वतंत्र फ्रान्सच्या लढ्याच्या इतिहासात हे कुठे लिहिलेलं नसतं.

इतर घरांनी काय केलं

ही तुलना मला आवश्यक वाटते. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी पत्नीसह पॅरिसला आले, तेव्हा इव्होन त्यांच्या यजमान होत्या. केनेडींची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती. १९४१ मध्ये वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. त्यातून ती आणखी पंगू झाली आणि उरलेलं आयुष्य संस्थेत गेलं. घराने ते वर्षानुवर्षं बाहेर कळू दिलं नाही. इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या आईच्या भावाच्या दोन मुलींना १९४१ मध्येच एका संस्थेत ठेवण्यात आलं. उमराव घराण्यांच्या नोंदग्रंथात १९६३ साली त्या मृत दाखवल्या गेल्या, आणि प्रत्यक्षात त्या जिवंत होत्या.

ही माणसं राक्षस नव्हती. त्यांच्या काळाने जे योग्य म्हणून सांगितलं ते त्यांनी केलं. म्हणूनच इव्होन यांचं वागणं ‘त्या काळी तसंच होतं’ या सबबीत बसत नाही. त्याच काळात, त्याच धर्मात, त्याच थरातल्या घरात दुसरं काही करता येत होतं, आणि त्यांनी ते केलं.

व्हेर-कर

‘आमच्यानंतर हिचं काय?’ हा प्रश्न विशेष मुलाच्या प्रत्येक आईबापाला झोपू देत नाही. इव्होन आणि शार्ल यांनी त्याचं उत्तर नातलगांवर सोपवलं नाही. १९४५ मध्ये त्यांनी ‘ॲन द गॉल प्रतिष्ठान’ स्थापन केलं. पुढच्या वर्षी पॅरिसजवळच्या शेव्रझ खोऱ्यात, मिलों-ला-शापेल इथे, व्हेर-कर नावाचा वाडा त्यासाठी घेतला. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे अशा बौद्धिक अक्षम मुलींना तिथे ठेवून घ्यायचं ठरलं. ॲनसाठी सोय करायची तर फक्त तिच्या एकटीसाठी करता आली असती. त्यांनी ती ज्यांच्याजवळ काहीच नाही अशा मुलींसाठी केली आणि त्यांच्यात आपल्या मुलीची जागा ठेवली. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पैशाची ओढाताण होतीच. तोवर सरकारचे प्रमुख असलेल्या द गॉल यांनी जानेवारी १९४६ मध्ये सत्ता सोडली होती. प्रतिष्ठानचा हिशेब सांभाळायला एक तरुण सहकारी पुढे आले, त्यांचं नाव जॉर्ज पोंपिदू. हेच पोंपिदू पुढे पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले. द गॉल यांचा त्यांच्यावरचा विश्वास राजकारणातल्या कामगिरीइतकाच व्हेर-करच्या चोपड्यांवर उभा होता, असं मला वाटतं. जो माणूस ॲनच्या पैशांत एक फ्रँक इकडचा तिकडे होऊ देत नाही, त्याच्यावर देश सोपवायला हरकत नव्हती. द गॉल यांच्या युद्धकाळातल्या आठवणींचे खंड १९५४ पासून निघू लागले आणि भरपूर खपले. त्यांच्या मानधनाचा पैसा प्रतिष्ठानकडे वळवण्यात आला.

ॲनला मात्र व्हेर-करची गरज पडली नाही. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी फुप्फुसाच्या तापाने ती कोलोंबेच्या घरी गेली. वीस वर्षांची होती. गावातल्या दफनभूमीत तिला पुरल्यावर द गॉल बायकोचा हात धरून म्हणाले, ‘चला. आता ती इतरांसारखी झाली.’ हे वाक्य खूप ठिकाणी छापलं गेलं आहे. इव्होन काय म्हणाल्या ते कुणी नोंदवलेलं नाही. त्या पुढची तीस वर्षं गाजावाजा न करता व्हेर-करला जात राहिल्या, तिथल्या मुलींची विचारपूस करत राहिल्या.

एलिझेतली दहा वर्षं

फ्रान्सच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला कसलंही पद नाही. २०१७ मध्ये ब्रिजित माक्रों यांच्या वेळी तिच्या भूमिकेबद्दल एक लेखी सनद जाहीर झाली, तोवर तेवढंही नव्हतं. इव्होन यांनी ती रिकामी जागा रिकामीच ठेवली. मेजवान्यांना त्या हजर राहत, पाहुण्यांशी नम्रपणे बोलत आणि बाजूला होत. खासगी खर्च सरकारी तिजोरीतून होता कामा नये यावर दोघांचाही कटाक्ष होता. आपल्या राहत्या खोल्यांच्या विजेचे पैसे ते स्वतः भरत. लोकांना यात कंजूषपणा दिसला. मुलीसाठी पै-पै राखायची सवय तीस वर्षं अंगवळणी पडलेल्या बाईला सरकारी पैशाने चैन करणं शक्यच नव्हतं.

त्यांच्या कडव्या नैतिकतेची बाजू झाकायचं कारण नाही. घटस्फोटित माणसांबद्दल त्यांचं मत कठोर होतं आणि लोकांच्या नेमणुकांच्या वेळी त्याचा परिणाम होतो असं सरकारी वर्तुळात बोललं जाई. साठच्या दशकातल्या तरुण बायकांना काय हवं आहे हे त्यांना उमगलं असेल असं वाटत नाही. पिढी बदलली होती, त्या बदलल्या नव्हत्या.

धीर मात्र विलक्षण. २२ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी पॅरिसबाहेर पती-क्लामार इथे अल्जीरियाच्या प्रश्नावरून चिडलेल्या कट्टरपंथीयांनी त्यांच्या मोटारीवर शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या. गाडीत इव्होन, द गॉल, जावई आलँ द ब्वासिए आणि चालक होते. काचा फुटल्या, टायर फाटले, कुणाला गोळी लागली नाही. विमानतळावर उतरल्यावर इव्होन यांनी चौकशी केली ती डिकीतल्या कोंबड्यांची. दुसऱ्या दिवशीच्या कोलोंबेतल्या जेवणासाठी त्या पॅरिसहून घेतल्या होत्या.

एक योगायोग इथेच सांगतो. ८ जानेवारी १९५९ ला द गॉल यांनी राष्ट्राध्यक्षपद स्वीकारलं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला जेरोम लझन, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पां या पॅरिसमधल्या संशोधकांचा निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर आला. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, असं त्यांनी दाखवलं. त्रूसो रुग्णालयात पेशी वाढवण्याचं किचकट काम गोतिए यांनी केलं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं. दारू नाही, गुप्तरोग नाही, कुळाचं पाप नाही, एक जास्तीचं गुणसूत्र. ॲन जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकतीस वर्षं मनात राहिलेल्या ‘आमचं काय चुकलं’ या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं.

त्यानंतर

द गॉल यांनी १६ जानेवारी १९५२ ला आपल्या अंत्यविधीबद्दल स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. त्याची एक प्रत पोंपिदूंकडे होती. सरकारी इतमाम नको, भाषणं नकोत, मंत्री नकोत. थडगं तेच, जिथे मुलगी ॲन आधीच विसावली आहे आणि जिथे एक दिवस बायकोही येईल. ९ नोव्हेंबर १९७० ला ते कोलोंबेच्या घरी पत्ते लावत बसलेले असताना अचानक गेले. १२ तारखेला जगभरचे राष्ट्रप्रमुख पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये जमले, आणि शवपेटी होती दोनशे किलोमीटरहून दूर एका खेड्यात, गावातल्या पोरांच्या खांद्यावर. फ्रान्सला आपल्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या माणसाला निरोप द्यायला त्याच्या अपंग मुलीच्या कबरीपाशी यावं लागलं.

इव्होन यांनी नवऱ्याचे कपडे आणि अंगावरच्या वस्तू जाळून टाकल्या, असं घरच्यांनी सांगितलं आहे. कुणी त्यांची पूजा मांडू नये ही इच्छा. १९७८ मध्ये कोलोंबे सोडून त्या पॅरिसमध्ये ननच्या एका निवासात राहायला गेल्या. ८ नोव्हेंबर १९७९ ला, नवऱ्याच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, व्हाल-द-ग्रास लष्करी रुग्णालयात त्यांचा अंत झाला. कोलोंबेला त्या दोघांजवळ त्यांना पुरलं. ॲन द गॉल प्रतिष्ठान चालू राहिलं, आजही आहे.

एवढं लिहून झाल्यावर एक तक्रार उरते आणि ती नोंदवायलाच हवी. इव्होन यांनी स्वतःच्या मुलीसाठी आणि व्हेर-करमधल्या मुलींसाठी जे केलं ते अपूर्व होतं. पण एलिझेमध्ये दहा वर्षं असताना त्यांनी देशासमोर उभं राहून ॲनचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याच काळात अशा मुलांच्या पालकांच्या संघटना एकत्र येऊन सरकारशी झगडत होत्या. १९६० मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला. अपंगांच्या शिक्षणाची, कामाची आणि भत्त्याची हमी देणारा व्यापक कायदा मात्र ३० जून १९७५ ला, द गॉल पायउतार झाल्यावर सहा वर्षांनी झाला. पोंपिदूंच्या पत्नी क्लोद यांनी १९७० मध्ये वृद्ध आणि अपंगांसाठी स्वतःचं प्रतिष्ठान उघडपणे काढलं आणि त्यासाठी जाहीरपणे पैसा मागितला. इव्होन यांच्या संकोची स्वभावाला ते जमलं नसतं हे मला समजतं, आणि माहेरची शिकवणही आठवते. तरी राष्ट्राध्यक्षाच्या बायकोने ‘आमची एक मुलगी अशी होती’ असं त्या काळी नुसतं म्हटलं असतं, तर आपलं मूल आतल्या खोलीत ठेवणाऱ्या कितीतरी घरांनी दार किलकिलं केलं असतं असं मला वाटत राहतं.